उरानुपोली: किनारा बघाच, पण बुरुजाकडे पाठ फिरवून नको

सहलीच्या जाहिरातींत ग्रीसचं हाल्किदिकी म्हणजे निळं पाणी आणि वाळूवर मांडलेल्या छत्र्या. त्यातलं उरानुपोली तर ‘आथोस या ख्रिस्ती साधूंच्या डोंगराळ द्वीपकल्पावरच्या मठांकडे जाणारी बोट जिथून सुटते ते गाव’ एवढ्यावरच उरकलं जातं. हा त्या गावावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पर्यटनासाठी वसलेलं नाही. समुद्रापलीकडची घरदारं सोडून यावं लागलेल्या माणसांनी ते वसवलं.

1922 मध्ये आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या युद्धात ग्रीसचा पराभव झाला आणि तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लाखोंनी पळाले. 30 जानेवारी 1923 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानात माणसांच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. निकष एकच, धर्म. घरात तुर्कीच बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात गेले. ग्रीसमध्ये एकूण सुमारे 12 लाख माणसं येऊन पडली. त्यांना जमीन कुठून द्यायची? उत्तर ग्रीसमध्ये मठांच्या मोठ्या मिळकती होत्या, त्यातली आथोसच्या वातोपेदी मठाची ही किनारपट्टी निर्वासितांच्या वाट्याला आली.

तेव्हा इथे ठळक अशी एकच इमारत होती, धक्क्यावरचा प्रोस्फोरीचा बुरूज. त्याचा पहिला उल्लेख 1344 चा. 1928 मध्ये सिडनी लॉक आणि जॉइस नानकिव्हेल लॉक हे जोडपं या बुरुजात राहायला आलं. दोघंही आधी उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहराजवळ निर्वासितांसाठी काम करत होती. जॉइस औषधपाणी बघायची. पण नुसत्या मदतीवर गाव उभं राहत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि गावात गालिचे विणण्याचा धंदा उभा केला. वनस्पतींपासून केलेले रंग आणि आथोसच्या बायझंटाइन कलेवरून घेतलेली नक्षी ही त्या गालिच्यांची खूण. आथोसमध्ये बायकांना प्रवेश नाही, त्यामुळे मठांत जायचं ते सिडनीनेच. सप्टेंबर 1932 च्या भूकंपात शेजारचं येरिसोस जमीनदोस्त झालं, तेव्हाही ही दोघं मदतीला धावली. जॉइस 1982 मध्ये वारली, तोवर बुरूज हेच तिचं घर होतं.

म्हणून सांगतो, पोहण्याआधी बुरूज बघा. आत संग्रहालय आहे. उघडण्याचे दिवस आणि वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आता जायचं कसं. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. थेसालोनिकीहून बस सुमारे अडीच तास घेते, पण ती शहराच्या मुख्य बस स्थानकावरून सुटत नाही. हाल्किदिकीच्या बसचं स्थानक वेगळं आहे, शहराच्या पूर्वेला. नेमकी इथेच लोकांची बस चुकते.

आथोसवर उतरायला पुरुषांनाही परवाना लागतो आणि ऑर्थोडॉक्स नसलेल्यांना दिवसाला फक्त 10 मिळतात. धक्क्यावर येऊन तो मिळेल या भरवशावर राहू नका, बरंच आधी अर्ज करा. बाकी सगळ्यांसाठी, बायकांसकट, पर्यटकांची बोट आहे. ती किनाऱ्यापासून 500 मीटर लांबून जाते, तेव्हा दुर्बीण हवीच. जाताना डावीकडे बसा, मठ त्याच बाजूला दिसतात. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो आणि फोटो काळे येतात. दुपारची फेरी मिळाली तर सिमोनोपेत्रा मठाच्या भिंतींवर थेट ऊन असतं.

पोहण्यासाठी समोरची द्रेनिया बेटं मला सगळ्यात आवडतात. उथळ, वाळूचा तळ, स्वच्छ पाणी. 30 अश्वशक्तीपर्यंतची छोटी बोट परवान्याशिवाय भाड्याने मिळते. पेट्रोलचे पैसे वेगळे का, हे आधीच विचारा. नांगर वाळूत टाका, समुद्री गवतात नको. तिथे तो नीट धरत नाही आणि गवतही उपटलं जातं. वारा वाढायला लागला की परत फिरा. आणि आथोसच्या हद्दीकडे बोट अजिबात वळवू नका.

अमुलियानी बेटाला जायचं तर त्रिपितीच्या धक्क्यावरून फेरी बोट धरायची, पाव तासाचं अंतर. तेही वातोपेदीचंच होतं. 1925 मध्ये मार्मारा समुद्रातल्या बेटांवरची माणसं तिथे आली. आलिकेस हा तिथला उत्तम किनारा. छत्री भाड्याने घेतलीच पाहिजे असं नाही, ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक आहे, मोकळ्या वाळूवर आपला टॉवेल पसरा.

फेरीला वेळ असेल तर त्रिपितीला पाय मोकळे करा. इराणी सम्राट झर्क्सिसने इसवी सनपूर्व 480 च्या स्वारीआधी खोदलेला, सुमारे 2 किलोमीटरचा कालवा इथेच समुद्राला मिळायचा. आथोसला वळसा घालताना आधीचं आरमार वादळात बुडालं होतं, म्हणून हा खटाटोप. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की खोदणाऱ्यांपैकी बाकीच्यांनी वर आणि खाली सारखीच रुंदी ठेवली आणि त्यांच्या कडा ढासळत राहिल्या. फिनिशियन मजुरांनी मात्र वरची रुंदी तळाच्या दुप्पट धरली. आज कालवा गाळाने पूर्ण बुजलाय. थोडी खोलगट जमीन तेवढी दिसते, हे ठाऊक ठेवून जा.