‘आजीला काय शिकवताय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, अंगणवाडी सेविकेनं नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांशीही बाळाच्या वाढीबद्दल बोलावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर “सहा लेकरं वाढवलेल्या बाईला बालविकास शिकवायचा, म्हणजे सुईणीला बाळंतपण शिकवणं,” असं तुम्ही लिहिलंय. वाक्य झणझणीत आहे. बाळानं हुंकार दिला की आजी ‘अडगुलं मडगुलं’ म्हणते, ते पुन्हा आवाज काढतं, ती पुन्हा बोलते. भाषा अशीच येते, हे तिला कुणी सांगायला नको.

पण ती सहा वाढली तेव्हा घरात सासू, जावा, नणंदा होत्या. आता आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडं बघा. मुलगा-सून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी तमिळनाडूत, मागं साठी ओलांडलेली दोघं, एक म्हैस आणि दीड वर्षाचा नातू. मुंबईत हमाली करणाऱ्या पाटणकडच्या माथाडींच्या घरांनाही हे नवीन नाही.

आमच्या भावकीतल्या एका काकूंचे गुडघे गेलेत. संध्याकाळी पोरगं गोठ्यात घुसतं, म्हशीच्या पायात जातं. मग धार काढून होईपर्यंत त्याच्या हातात मोबाईल. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “मग धार तू काढतोस?” दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय. बरोबरच आहे. पण काकूंना त्या वेळेला पोराला धरणारं माणूस हवंय.

आणि अंगणवाडीत बसायला मिळतं तिसऱ्या वर्षापासून. त्याआधी घरपोच आहार. पाकीट दिलं, सही घेतली, झालं, असंच बहुतेकदा होतं. 2024 मध्ये केंद्रानं तीन वर्षांखालच्यांसाठी ‘नवचेतना’ आराखडा काढला, त्यात महिन्यागणिक खेळ दिलेत. ते खेळ आईला सांगायचे म्हटले तर आई कोईमतूरला. म्हणून मी लिहिलं की सेविकेनं आजीजवळ जरा टेकावं, शेंगा सोलता सोलता बोलावं. आजोबांशीही बोलावं, पारावरचा तासभर पोराला खांद्यावर घेऊन जायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र सांगावीच लागते: वर्षाच्या आत मध चाटवू नये, त्यातून बाळाला बोट्युलिझमची जिवावरची विषबाधा होऊ शकते. हे सुनेनं फोनवरून सांगितलं तर भांडण ठरलेलं. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंनी सांगितलं तर आजी ऐकते, वर शेजारणीलाही सांगते.

तुमच्या गावात पोराला धरायला कोण येतं, ते जरूर लिहा.