वित्कात्सी नशेत लिहीत नव्हता

पोलिश नाटककार-कादंबरीकार स्तानिस्वाव इग्नात्सी वित्कीयेविच, म्हणजेच वित्कात्सी, याच्याबद्दल एक मजकूर बराच फिरतो. हा माणूस कायम नशेत असे आणि त्या धुंदीतच नाटकं लिही. हयातीत त्याचं एकही नाटक रंगमंचावर आलं नाही. १९३९ मध्ये हिटलरच्या भीतीने त्याने जीव दिला. आणि आता तो दक्षिण पोलंडमधल्या झाकोपाने गावाच्या दफनभूमीत विसावलाय. यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही.

नशेची दंतकथा आली ती त्याच्या चित्रांवरून. पोटासाठी तो व्यक्तिचित्रांची ‘फर्म’ चालवायचा. तिची छापील नियमावली १९२८ ची आहे: चित्रांचे प्रकार ठरलेले, आणि ग्राहकाने टीका करायला सक्त मनाई! त्यातला फक्त ‘सी’ प्रकार दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली काढलेला. काय घेतलंय हे तो चित्रावरच लिहून ठेवी. सिगारेट ओढली नसेल तर तेही. स्वतःवर प्रयोग करून त्याची इतकी काटेकोर नोंद ठेवणाऱ्याला नशेबाज म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. १९३२ मध्ये त्याने अमली पदार्थांवर पुस्तकच लिहिलं. त्याची सुरुवात तंबाखूपासून होते, आणि तंबाखू-दारूवर तो तुटून पडतो.

नाटकांचं म्हणाल, तर ती सुमारे चाळीस, बहुतेक १९१८ ते १९२५ मधली. ‘वेडा आणि जोगीण’मध्ये मेलेला नायक शेवटी चालत आत येतो. हे धुंदीतून सुचलेलं नाही. रंगमंचाने आयुष्याची नक्कल करू नये, चित्रासारखी स्वतःची रचना उभी करावी, हा त्याचा ‘शुद्ध रूपा’चा सिद्धांत होता आणि त्यासाठी तो वर्षानुवर्षं भांडला. वाचकाने आधी हा सिद्धांत वाचावा, मग नाटकं.

‘एकही प्रयोग झाला नाही’ हे तर साफ खोटं. क्राकुव्हला १९२१ मध्येच त्याचं नाटक लागलं होतं, पुढेही काही लागली. मोठा मान मात्र मरणानंतर मिळाला. पोलिश दिग्दर्शक तादेउश कांतोरने १९५६ मध्ये आपली नाट्यसंस्था त्याच्याच नाटकाने सुरू केली.

मृत्यूबद्दल. जर्मन फौजांपुढून तो वॉर्सातून पूर्वेकडे निघाला, एवढं खरं. पण १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये घुसलं आणि दुसऱ्याच दिवशी येझ्योरी गावाजवळ त्याने जीवन संपवलं. रशियन सैन्यात अधिकारी असताना १९१७ ची क्रांती त्याने जवळून पाहिली होती. १९३० च्या ‘अतृप्ती’ या कादंबरीत पूर्वेकडून आलेली फौज आणि माणसांना निर्विचार समाधान देणाऱ्या गोळ्या आहेत. पोलिश कवी चेस्वाव मिवोशने पुढे याच गोळ्यांचा आधार घेऊन साम्यवादी राजवटीतल्या लेखकांबद्दल लिहिलं. एकट्या हिटलरचं नाव घेतलं की वित्कात्सीची ही अनेक वर्षांची धास्ती पुसली जाते.

राहिली कबर. १९८८ मध्ये येझ्योरीहून अवशेष आणून झाकोपानेला समारंभाने पुरले. १९९४ मध्ये उकरून तपासले, तेव्हा ती हाडं एका तरुण स्त्रीची निघाली.