‘नाव तेच, म्हणजे कार्ड तेच’? अजिबात नाही

पीसी जुळवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ग्राफिक्स कार्डाचं नाव तेच असेल तर आतला मालही तोच, फरक काय तो मेमरीचा, जास्त जीबीचं कार्ड जास्त वेगवान, आणि लाँचला कधीच घेऊ नका, वर्षभर थांबा, ‘सुपर’ (त्याच कार्डाची सुधारलेली आवृत्ती) येतंच. लिहिणाऱ्याने कळकळीने लिहिलंय, पण या भरवशावर पैसे मोजलेत तर फसाल.

आधी नावाचं बघू. एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये आलं: ६ जीबी, १२८० कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग). महिन्याभराने त्याच नावाचं ३ जीबीचं आलं, त्यात कोअर ११५२. मेमरी निम्मी झाली हे खोक्यावर दिसत होतं. दहा टक्के कोअर गेले ते नावात कुठेच नव्हतं. आरटीएक्स ३०५० ची तऱ्हा याहून पुढची. जानेवारी २०२२ चं ८ जीबीचं कार्ड २५६० कोअर आणि १२८ बिट बसचं (बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता). फेब्रुवारी २०२४ चं ६ जीबीचं २३०४ कोअर आणि ९६ बिटचं. (कार्ड म्हणून ते टाकाऊ नाही हं. ७० वॅटमध्ये चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, ऑफिसच्या जुन्या डब्यात बसवायला झकास. त्याला ३०५० म्हणायला नको होतं, एवढंच.)

आणि जीटी १०३० ने तर कमाल केली. तिथे जीबीसुद्धा सारखेच, दोन्ही २ जीबी. पण २०१७ च्या कार्डावर जीडीडीआर५ मेमरी, बँडविड्थ (मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी. २०१८ च्या कार्डावर साधी डीडीआर४, बँडविड्थ १६.८. जवळपास एक तृतीयांश.

या सगळ्यात क्रम बघा. आधी दमदार कार्ड येतं, त्याची परीक्षणं होतात, यूट्यूबवर आकडे पसरतात. मग मागच्या दाराने धाकटं येतं आणि थोरल्याच्या नावावर खपतं. नाव शोधलं की आकडे थोरल्याचेच सापडतात. हा क्रम एकदा मोडला तेव्हा काय झालं? सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० ची १६ जीबी आणि १२ जीबी अशी दोन रूपं एकाच दिवशी जाहीर केली. एकात ९७२८ कोअर, दुसऱ्यात ७६८०. शेजारी-शेजारी ठेवल्यावर लबाडी लपते कुठे? इतका ओरडा झाला की १४ ऑक्टोबरला १२ जीबीचं कार्ड मागे घेतलं आणि जानेवारीत तेच १०० डॉलर कमी किमतीला ४०७० टीआय म्हणून आणलं.

‘जास्त जीबी, जास्त वेग’ याला एकच उदाहरण पुरे: आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी, आरटीएक्स ३०८० ला १०. वेगवान ३०८०च, हे सांगायला हवं का? ३०६० ला १२ मिळाले ते बसच्या गणितामुळे. प्रत्येक मेमरी चिपला ३२ बिट लागतात, १९२ बिटच्या बसवर सहा चिप बसतात. १ जीबीच्या लावल्या तर ६, २ जीबीच्या लावल्या तर १२.

मात्र काही जोड्यांत फरक खरंच फक्त मेमरीचा असतो. एनव्हिडियाचं ५०६० टीआय आणि प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीचं आरएक्स ९०६० एक्सटी या दोन्ही कार्डांची ८ आणि १६ जीबीची रूपं कोअरने आणि बसने सारखी आहेत. गेम ८ जीबीत मावला तर दोघं बरोबरीने धावतात, मावला नाही तर लहान कार्ड धापा टाकतं. गंमत म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआयच्या लाँचला परीक्षकांकडे १६ जीबीची कार्डं गेली, ८ जीबीची नाही.

राहिला थांबण्याचा सल्ला. ४०७० च्या वेळी तो फळला, मान्य: जानेवारी २०२४ मध्ये त्याच ५९९ डॉलरला ४०७० सुपर आलं. पण ३००० च्या मालिकेत डेस्कटॉपसाठी ‘सुपर’ आलंच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेलं ३०८० पुढचं वर्षभर त्या किमतीत शोधून सापडत नव्हतं. क्रिप्टोवाले (ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणारे) आणि टंचाई, दोन्हींनी थांबलेल्यांचे हात पोळले.

किंमत कॅलेंडर बघून उतरत नाही, समोरच्याने पत्ता टाकला की उतरते. जुलै २०१९ मध्ये एनव्हिडियाने ‘सुपर’ कार्डं जाहीर केली आणि एएमडीने ५७०० एक्सटी विक्रीला यायच्या दोन दिवस आधी ४४९ वरून ३९९ डॉलरवर आणलं. जानेवारी २०२० मध्ये एनव्हिडियाने २०६० ची किंमत २९९ केली, तर एएमडीने ५६०० एक्सटीचा वेग ऐन लाँचच्या तोंडावर नव्या बायॉसने (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरने) वाढवला. कार्डं तर आधीच खोक्यांत भरून निघालेली! काही गिऱ्हाइकांना घरी बसून स्वतःच बायॉस बदलावा लागला. म्हणून मी कुणाला वर्षभर थांबायला सांगत नाही. प्रतिस्पर्ध्याचं कार्ड पंधरा दिवसांवर असेल तर तेवढंच थांबा म्हणतो.

त्या मजकुरातली शेवटची ओळ तेवढी पटली: एकाच चिपच्या कार्डात तीन पंखे आणि रंगीत दिवे यांसाठी पाच-सात हजार जास्त मोजू नका. कारखान्यातून वाढवून आलेला वेग दोन-चार टक्क्यांच्या वर क्वचितच जातो.