झुरळं मेली, पण माल घरातच आहे

२०२५च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि अख्ख्या मुंबईला फुप्फुसांची काळजी लागली. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांना सूज येऊ शकते, त्यावर वाद नाहीच. पण तेव्हा तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या सिंकखालची ट्रॉली बाहेर ओढून पाहिली असेल?

झुरळांचा विषय निघाला की आपल्याला लाज आडवी येते. पोराला रात्री दम लागतो, सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ. डॉक्टर विचारतात, कुत्रा-मांजर आहे का, घरात कोणी सिगारेट ओढतं का. आपण सगळ्याला नाही म्हणतो. झुरळांचं विचारलंच, तर "छे हो, आमच्याकडे कुठली!" झुरळं असणं म्हणजे घरातली बाई गबाळी, असा हिशोब असतो ना. (बाईच. पुरुष गबाळा असल्याने झुरळं झाली असं मी अजून ऐकलेलं नाही.)

अमेरिकेतल्या आठ शहरांमधल्या गरीब वस्त्यांतल्या दमेकरी मुलांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. जवळपास ३७ टक्के मुलांना झुरळांची अ‍ॅलर्जी निघाली. मांजराची सुमारे २३ टक्क्यांना. ज्यांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती आणि झोपायच्या खोलीतल्या धुळीतही झुरळांचा अंश भरपूर होता, ती मुलं बाकीच्यांच्या तिपटीहून जास्त वेळा इस्पितळात भरती झाली होती.

त्रास देतात ती झुरळाच्या लाळेतली, विष्ठेतली, टाकलेल्या कातीतली आणि मेल्यावर होणाऱ्या चुऱ्यातली प्रथिनं. हे कण जड असतात, धुळीबरोबर खाली बसतात आणि झाडू फिरला की पुन्हा नाकाशी येतात. म्हणून पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला, झुरळं मेली, तरी शिंका चालूच. मारेकरी आला, पण मढी कोणी उचलली नाहीत! हा माल महिनोन्‌महिने टिकतो. ट्रॉल्या काढून, साबणाच्या पाण्याने, ओल्या फडक्यानेच पुसायला हवं, तेही नाकाला मास्क लावून. आणि ज्याला दमा आहे त्याला तेवढा वेळ बाहेर धाडा. दिवाळीच्या आवरासावरीत नेमकं त्यालाच माळ्यावर चढवतात!

फवाऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दमेकऱ्याच्या घरात तो नकोच. औषधाच्या वासानेच छाती भरून येते. त्यापेक्षा झुरळं मारायचं जेल बरं. बिजागऱ्यांत, फटींत छोटे ठिपके लावायचे. झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन आणखी काही मरतात. पण जेल लावून वर फवारा मारला, तर झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत. डासांची कॉइलही दमेकऱ्याच्या घरात नकोच. एक कॉइल जळताना सिगारेटींच्या ७५ ते १३७ नगांइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३च्या एका संशोधनात मोजलेलं आहे. खिडकीला जाळी लावा, मच्छरदाणी लावा.

अ‍ॅलर्जी देणारे गादीतले माइट्स, म्हणजे धुळीतले बारीक जीव, वेगळेच. ते कीटकसुद्धा नव्हेत, आठ पायांचे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. खातात आपल्या त्वचेचा कोंडा आणि पाणी पितात थेट हवेतल्या दमटपणातून. म्हणजे मुंबई, कोकण, गोवा म्हणजे त्यांचं माहेरच. हवा कोरडी झाली की ते सुकून मरतात. गाद्या-गोधड्या कडक उन्हात टाकायची जुनी रीत म्हणूनच योग्य होती. फ्लॅटमध्ये ऊनच येत नाही त्याला काय करणार? मग निदान चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा.

हे सगळं करूनही इनहेलर आपल्या मनाने बंद करायचा नाही. आणि डॉक्टरांना झुरळांचं खरं सांगा. अ‍ॅलर्जीच्या त्वचाचाचणीत झुरळाच्या अर्काचाही थेंब टाकता येतो.

एकट्याच्या घराने मात्र भागत नाही. मोरीचे पाइप, डक्ट, चेंबर सगळ्या इमारतीचे एकच. मी तिसऱ्या मजल्यावर जेल लावणार आणि चौथ्यावरचा फवारा मारून त्याची झुरळं माझ्याकडे पाठवणार. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मी पुन्हा मांडणार आहे. मागच्या वेळी सचिवांनी तो 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलला होता. पार्किंगचं भांडण मिटेपर्यंत बटाटेवडे आले आणि आयती वेळ काही आली नाही.