लाल स्वेटर आणि पंखांचं हेल्मेट

नोव्हेंबर २००३. अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावी, येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. शनिवारी सकाळी थंडी मी म्हणत होती, म्हणून आईने साताऱ्याहून निघताना बॅगेत कोंबलेला स्वेटर चढवला आणि दूध आणायला बाहेर पडलो. हाताने विणलेला, लालभडक, गळ्याला आणि मनगटाला राखाडी काठ. रस्त्यावर निळ्या-पिवळ्या कपड्यांतला हजारोंचा लोंढा स्टेडियमकडे चाललेला. नवरात्रात पिवळ्याच्या दिवशी एखादी हिरवी साडी नेसून ऑफिसात आली की सगळ्याजणी तिच्याकडे कशा बघतात, तसा अख्खा रस्ता माझ्याकडे बघत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर थांबून, खूप काळजीने विचारलं, "तुला कुणी सांगितलं नाही का रे?"

निळा-पिवळा हे मिशिगनचे रंग, आणि लाल-राखाडी हे शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे, म्हणजे आमच्या जुन्या शत्रूचे. आणि त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलमधला मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट हा शंभरावा सामना होता. मिशिगन ३५-२१ ने जिंकलं, म्हणून मी वाचलो असं आमच्या लॅबमधले लोक म्हणायचे.

(अमेरिकन फुटबॉल म्हणजे तो आडवा-लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. आपला पायाने खेळायचा नव्हे. इथे कॉलेजची पोरं खेळतात आणि लाखभर माणसं बघायला येतात, हे पचायला मला दोन वर्षं लागली.)

खेळ मला आजही अर्धामुर्धाच कळतो. कपडे मात्र कळतात. वीस वर्षं गणवेश बघून माझं एक ठाम मत झालंय: कुठलाही गणवेश एकट्याने सुंदर नसतो. तो समोर कोण उभा आहे त्यावर ठरतो.

आता हे मिशिगनचं हेल्मेट घ्या. गडद निळं, त्यावर कपाळापासून मागे गेलेले मक्याच्या दाण्यासारखे पिवळे पंख. १९३८ साली फ्रिट्झ क्रायस्लर हे प्रिन्स्टनहून मिशिगनला कोच म्हणून आले आणि येताना ही कल्पना घेऊन आले. त्या काळच्या चामडी हेल्मेटवर पुढच्या बाजूला शिवणीचा तसा आकार होताच, त्यांनी तो रंगवला. कारण साधं होतं. चेंडू फेकणाऱ्याला लांब पळत गेलेला आपला गडी गर्दीत चटकन ओळखू यावा. शोभा वगैरे नंतरची. कामासाठी केलेली वस्तू देखणी निघाली की तिला तोड नसते. आपल्या पाट्या-वरवंट्यात काय नक्षी असते? तरी शोकेसमधल्या दहा वस्तूंपेक्षा तो बघत राहावासा वाटतो.

ओहायो स्टेटचं हेल्मेट अगदी उलट. चंदेरी-राखाडी, मधून पट्टा, बस. पण १९६८ पासून त्यावर बकआय झाडाच्या पानाची छोटी स्टिकरं लावतात. चांगला खेळलास की पान मिळतं. सप्टेंबरमध्ये हेल्मेट कोरं असतं आणि नोव्हेंबरात, मिशिगनशी गाठ पडेपर्यंत, चांगल्या खेळाडूचं हेल्मेट पानांनी भरून गेलेलं असतं. मिशिगनचा नवखा पोरगा पहिल्याच दिवशी पंख लावून फिरतो. ओहायोच्या पोराला मात्र पान-पान जमवावं लागतं.

मी मिशिगनचा माणूस. तरी खरं सांगतो, कल्पना म्हणून ओहायोचं हेल्मेट मला जास्त आवडतं. हे वाक्य लिहिताना हात थरथरला. आमच्याकडेही अधूनमधून स्टिकरं लावायचे प्रकार झाले, पण पंखांवर स्टिकर म्हणजे पैठणीच्या काठावर टिकल्या.

आता रंग. माझी बायको या दोन संघांना 'हळद आणि कुंकू' म्हणते. हे इतकं चपखल आहे की हळद-कुंकू एका ताटात असतात तसे हे दोन रंग एकाच मैदानावर दिसले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. पण तसं होत नाही. घरचा संघ रंगीत जर्सी घालतो आणि पाहुणा पांढरी. म्हणजे अ‍ॅन आर्बरला सामना असला की कुंकू पुसलेलं. कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, निदान मिशिगनच्या पॅन्ट तरी पिवळ्या असतात. २०२१ साली इथे बर्फ पडत होतं, आणि पांढऱ्या जर्सी, राखाडी पॅन्टमधली ओहायो स्टेट त्या बर्फात अक्षरशः विरघळली. निळे-पिवळे तेवढे ठसठशीत दिसत होते. ४२-२७. आनंद झालाच, पण चित्र अर्धंच वाटलं.

हे दुखणं लॉस एंजेलिसवाल्यांनी बरं केलंय. यूएससी आणि यूसीएलए ही एकाच शहरातली दोन विद्यापीठं. पूर्वी दोघांचं घरचं मैदान एकच होतं, कोलिझियम, त्यामुळे दोघंही आपापला रंग घालायचे. १९८२ मध्ये यूसीएलए रोझ बोल या दुसऱ्या स्टेडियमला गेलं आणि पुढे ही गंमत बंद पडली. २००८ साली यूएससीचे कोच पीट कॅरल यांनी ठरवलं की पाहुणे असलो तरी लालच घालायचं. नियम मोडल्याबद्दल यूएससीचा एक टाइमआउट (खेळ मध्येच थांबवून घ्यायची सवलत) कापला जाणार होता. तर यूसीएलएचे कोच रिक न्यूहायझल यांनी काय करावं? आपलाही एक टाइमआउट मुद्दाम खर्च करून टाकला, म्हणजे फिट्टंफाट! पुढच्याच वर्षी नियम सैल झाला. गडद लाल आणि फिकट आकाशी, कॅलिफोर्नियाच्या संध्याकाळच्या उन्हात. यापेक्षा देखणी जोडी या खेळात नाही. आणि ती शत्रूच्या मदतीने जमली, म्हणून मला जास्त प्यारी.

दरवर्षी नवा गणवेश काढायचं खूळ मला सोसत नाही. त्याला अपवाद एकच, आर्मी-नेव्ही, म्हणजे अमेरिकेच्या लष्कर आणि नौदल अकादमींचे संघ. ते दरवर्षी एखाद्या तुकडीचा किंवा जहाजांचा मान म्हणून कपडे बनवतात. २०१७ मध्ये आर्मीने बर्फात लढणाऱ्या १० व्या माउंटन डिव्हिजनसाठी पांढराशुभ्र वेश केला, समोर नेव्हीचा संघ, नौदलाच्या कसरती करणाऱ्या 'ब्लू एंजल्स' विमानांच्या निळ्या रंगात. आणि फिलाडेल्फियात त्या दिवशी नेमकं बर्फ पडलं. पांढऱ्यावर पांढरं. तिथेही माणसं बर्फात विरघळली, पण तिथे ती विरघळण्यासाठीच आली होती. आर्मी १४-१३ ने जिंकली.

बाकीच्यांचं काय? आमच्याच मिशिगनने २०११ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध रात्रीच्या सामन्यात 'जुन्या काळचा' म्हणून एक गणवेश घातला. छातीवर भलामोठा एम. असा गणवेश कुठल्याच जुन्या काळात नव्हता. नवीन वाड्याला सिमेंटचे खोटे लाकडी खांब लावतात ना, तसलं. २०१६ पासून तर जर्सीवर कपड्यांच्या कंपनीचं चिन्ह म्हणून उडी मारणारा मायकल जॉर्डन आहे. खेळाडू बास्केटबॉलचा, शिकलेला नॉर्थ कॅरोलायनात. कुणी हसलं की मी विषय बदलतो.

हे सगळं आज लिहायचं कारण घरातलं आहे. लेक गेल्या वर्षी ओहायो स्टेटला गेली. शिष्यवृत्ती मिळाली, त्यामुळे बापाला तोंड उघडायची सोय नाही. या सामन्याच्या आठवड्यात तिथे आवारातल्या पाट्यांवर प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल टेपची फुली मारतात. पहिल्या वर्षी तिने मला त्याचा फोटो पाठवला. मी उत्तर दिलं, "फुली मारायला का होईना, आमचंच अक्षर लागतं." तिने दोन दिवस फोन उचलला नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, आजीने विणलेला तो लाल स्वेटर अजून आहे का?"

आहे. माळ्यावर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, वीस वर्षं. त्या दिवसानंतर मी तो घालायची हिंमत केली नव्हती. आईला सांगितलं तर ती फोनवर म्हणाली, "मी तर बाजारात जी लोकर स्वस्त होती ती घेतली होती रे." उद्या तो धुऊन, उन्हात वाळवून कोलंबसला पाठवतोय. बाही थोडी उसवलीय, ती बायको निळ्या दोऱ्याने शिवून देणार आहे. घरात दुसरा रंग नाही, असं ती म्हणते.