फ्रिजमागचा ट्रे

फ्रिजच्या मागे, तळाशी, एक ट्रे असतो. बावीस वर्षं संसार करून मला हे माहीत नव्हतं. गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला कळलं. पावणेअकरापर्यंत अख्ख्या बी विंगला कळलं.

डासांच्या अळ्या शोधायला पालिकेकडून दोन बायका आल्या होत्या. मी निर्धास्त. कुंड्यांखालच्या ताटल्या दर रविवारी उपड्या करते, पिंपाला झाकण, मनी प्लांट बाटलीतून मातीत हलवलेला. पण त्यातली एक टॉर्च घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरली. "ताई, फ्रिज जरा पुढे घ्या." फ्रिज पुढे आला, ट्रे बाहेर आला. त्यात दोन बोटं पाणी आणि पाण्यात वळवळ.

इथवर ठीक होतं. पण त्यांच्याबरोबर तळमजल्यावरचे नाना होते. नाना निवृत्त आहेत. कशातून, ते कुणालाच धड सांगता येत नाही. सध्या सोसायटीत जी तपासणी येते तिच्यामागून ते हिंडतात. गॅसचा पाइप बघायला माणूस आला तरी मागे नाना. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ट्रेवर असे वाकले, जसं बारशाला पाळण्यात वाकावं.

"डोकं खाली, शेपूट वर. म्हणजे अ‍ॅनोफिलीस नव्हे, ती पाण्यावर आडवी पडते. सूनबाई, मलेरियाची काळजी नको. डेंग्यूच."

"असू शकेल," बाई म्हणाली.

"अंड्यापासून डास व्हायला किती दिवस?"

"आठ-दहा."

नानांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे घट बसले, त्याच सुमाराला या पण बसल्या!"

फ्रिज ओढताना त्याचं दार उघडलं होतं. नाना आता आत बघायला लागले.

"दही?"

"हो."

"शरदात? पावसाळ्यात साठलेलं पित्त या दिवसांत उसळतं. दही वर्ज्य सांगितलंय. आणि हे काय, इडलीचं पीठ? परवाचं?" ते दोन पावलं मागे सरकले. "पुढून पित्त, मागून डेंग्यू. मधल्या जागेत राहता तुम्ही सूनबाई."

"मी रोज तेच सांगते," बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. घरात डेंग्यूच्या अळ्या निघाल्याचा हा पहिला परिणाम: सासूबाईंना पक्ष मिळाला.

एक जुनं सुभाषित आहे, वैद्यांची आई शरद ऋतू आणि बाप वसंत. ज्याने ते रचलं त्याने आमचा ऑक्टोबर अंगावर काढला असणार. दुपारी पापड वाळावेत असं ऊन, पहाटे चादर शोधावी अशी थंडी. रात्री अकराला पंखा पाचवर, चारला एकवर, आणि तो खाली कुणी आणायचा यावरून नवऱ्याशी अबोला. या सगळ्यात घर निरोगी राहावं म्हणून मी काय करत नाही? काढा करते. लेक मेली तरी वाफ घेत नाही, तिच्यामागे पातेलं घेऊन फिरते. फुल बाह्यांचे कपडे घाला म्हणून ओरडते, कारण हा डास दिवसा चावतो. आणि मीच तो पाळत होते. स्वच्छ पाणी, अंधार, पाठीमागून मोटरची ऊब. माहेरपणाला आलेल्या लेकीची एवढी सोय मी केली नसती.

बाईने पाणी ओतून दिलं आणि ट्रे घासून घ्या म्हणाली, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि सुकली तरी कित्येक महिने मरत नाहीत. मग नोटीस लिहिली. तिला पाणी दिलं तर तिने आधी पेल्यात पाहिलं. तिचा राग नाही. सकाळपासून किती जिने चढली असेल, देव जाणे.

राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आमच्या फाटकासमोर गणपतीच्या आधीपासून एक चर खणून ठेवलाय. त्यात गुडघाभर पाणी. पलीकडे इमारत चाललीय, तिथे उघडे ड्रम ओळीने भरलेत. मी खिडकीतून बोट दाखवलं. "ते आमच्याकडे नाही ताई, आम्ही घरं बघतो." म्हणजे डास रस्त्यावर जन्मला तर तो अनाथ, माझ्याकडे जन्मला तर माझं आडनाव लावणार. चराला नोटीस चिकटवता येत नाही, कारण चराला दार नसतं. मला आहे, आणि मी ते उघडते. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी आपलं घर." आणि ट्रेचा फोटो काढला.

संध्याकाळी तो ग्रुपवर आला. 'बी ३०२. सर्वांनी बोध घ्यावा.' खाली चौदा नमस्कार. एका वहिनींनी विचारलं, फ्रिज कुठल्या कंपनीचा?

परवा कोजागिरीला गच्चीवर गेले, तर चटईवर माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी. मसाला दुधाचे पेले फिरत होते. साडेदहाच्या सुमाराला नानांनी फाटकन स्वतःच्या पोटरीवर चापट मारली, तळहात मोबाइलच्या उजेडात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, तुमच्याकडची दिसते."

"आमच्याकडची नाही नाना," मी म्हटलं. "आमच्याकडच्या दिवसपाळीला असतात."