खुलासा: गारठलेले हात सायलेन्सरवर शेकू नका

ठाण्यातल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: पहाटे मुरबाडमार्गे माळशेजला जाताना हातमोज्यांचे दोन घट्ट जोड एकावर एक चढवा, आणि बोटं गारठलीच तर थांबून सायलेन्सरवर शेका. यातला पहिला सल्ला मीच पाठवला होता. तो चुकीचा आहे.

ऊब टिकते ती मोज्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. घट्ट मोज्यात ती हवा उरत नाही, शिवाय बोटांचा रक्तपुरवठा आवळला जातो. मी तसंच करून पाहिलं, तर सरळगावच्या आधीच क्लच दाबताना बोटं जाणवेनाशी झाली. एकच जोड पुरे, किंचित सैल, पण वारा न शिरणारा. खरा त्रास वाऱ्याचाच: 10 अंशांत ताशी 60 किलोमीटरने गेलं तर उघड्या कातडीला साधारण 5 अंशांसारखी थंडी लागते. आणि जॅकेटही चांगलं हवं. छाती गार पडली की शरीर हातांकडचं रक्त कमी करतं.

सायलेन्सरचा सल्ला तर धोक्याचाच. बधिर बोटांना चटका कळत नाही, कळेपर्यंत कातडी भाजलेली असते. त्यापेक्षा गाडी बाजूला घ्या, हात काखेत धरा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.